एका घरात एका नावाच्या दोघी

"काकू, एक छोटासा बदल केला आहे. तुमच्या हिरॉइनचं नाव सगळीकडे रिप्लेस केलं. बाकी कथा एकदम कडक!"

हा निरोप मला कामाच्या ऐन गर्दीत फोनवर आला. खाली एक हसरा चेहरा आणि टाळ्या वाजवणारे दोन हात. पाठवणारा आमच्या लिहिणाऱ्यांच्या गटाचा ॲडमिन, माझ्या मुलीपेक्षा जेमतेम थोडा मोठा. मी निरोप वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले एक आजोबा उभे होते. माझा चेहरा बघून ते घाबरले. "काय झालं वं बाई? कोणी गेलं का?"

"नाही हो आजोबा," मी म्हणाले. "बसा तुम्ही."

मी नागपुरात रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. दिवसभर माझं काम नावं पुकारण्याचं. पुरुषाला नाव विचारलं की तो ठणकावून सांगतो. बाईला विचारलं की निम्म्या वेळा उलटा प्रश्न येतो, "कोणतं सांगू मॅडम? माहेरचं का इकडचं?" एखादीचं आधार कार्ड एका नावाचं, बँकेचं पासबुक दुसऱ्या नावाचं, आणि संध्याकाळी तिचा मुलगा येऊन तिसऱ्याच नावानं रिपोर्ट मागतो. वर डॉक्टर आमच्यावरच डाफरणार, नावांचा घोळ का करता म्हणून. घोळ आम्ही केला काय? असो. हा राग जुना आहे, त्याची मला सवय आहे. त्या दिवशीचा राग मात्र नवा होता.

आधी हे गटाचं काय प्रकरण ते सांगते. फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्यानं निर्माण केलेली पात्रं उसनी घेऊन आपण आपल्या गोष्टी रचायच्या. मला हा नाद मुलीनं लावला. एका उन्हाळ्यात ती कूलरसमोर पडून एका परदेशी सुपरहिरोपटाचे एकामागून एक भाग बघत होती. मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. पाच जण, प्रत्येकाकडे एक शक्ती, आणि पाचही जण मिळून दर भागात जग वाचवतात. मला पहिला धक्का बसला तो त्यांच्या नावांचा. एकूण एक नाव म्हणजे स्वतःचीच आरती. कोणी अजिंक्य, कोणी महान, कोणी प्रचंड. मी मुलीला म्हणाले, हे काय टोपणनाव झालं? टोपणनाव माणूस स्वतःला ठेवत नाही, लोक ठेवतात, आणि लोक कधी इतकं चांगलं ठेवत नाहीत.

माझं माहेर रामटेकचं. आमच्या गल्लीत कोणालाही त्याच्या पराक्रमावरून नाव पडलं नाही, फजितीवरून पडलं. एकदा कोणाची फजिती झाली की ती जन्माची चिकटली. तेव्हा मी मुलीला गंमत म्हणून सांगितलं, हा जो भिंतीतून आरपार जातो ना, तो दुसऱ्या भागात भिंतीत अर्धा अडकला होता. आमच्याकडे असता तर त्याला 'अडकू' म्हणाले असते. आणि तो विजा पाडणारा, तो चिडला की त्याच्या स्वतःच्याच बिल्डिंगचे दिवे जातात. तो 'फ्यूज'. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, हे लिही तू," ती म्हणाली.

लिहिलं. दुपारी लॅबचं काउंटर ओस पडतं, तेव्हा फोनवर लिहायला लागले. अडकू, फ्यूज आणि बाकीची मंडळी नागपुरात राहायला येतात, भाड्यानं घर शोधतात, घरमालकाला मुखवटा का घालता याचं उत्तर देताना त्यांची भंबेरी उडते. मुलीनं ते लिहिण्याच्या ॲपवर टाकून दिलं. लोक वाचायला लागले. फ्यूजच्या बायकोचा भाग तर कुठून कुठे फिरला. खलनायक तिला पकडून नेतो, खांबाला बांधतो आणि विचारतो, सांग, तुझ्या नवऱ्याचं खरं नाव काय. ती मान खाली घालून म्हणते, "आमच्यात घेत नाहीत." तो धमक्या देतो, आगीचा लोळ दाखवतो. ती म्हणते, "फार तर उखाण्यात घेईन, पण त्याला हळदीकुंकू पाहिजे." शेवटी खलनायकच कंटाळून तिला रिक्षात बसवून देतो. एका मुलीनं रागानं लिहिलं होतं की हे मागासलेपण आहे. बाई, मागासलेपण आहेच. पण मुखवटेवाल्याचं गुपित याहून चांगलं कोणी सांभाळलंय का ते सांग.

मग त्या ॲपवरच्या लिहिणाऱ्यांनी मला त्यांच्या गटात बोलावलं. गटात सगळे तरुण. प्रत्येकानं स्वतःला एकेक नाव घेतलेलं, कोणी 'काळी मांजर', कोणी 'उल्का', आणि सगळे एकमेकांना त्याच नावानं बोलावतात, कारण तो गटाचा नियमच आहे. मीही एक नाव घेतलं होतं. ते एकदाही कोणी वापरलं नाही. मी पहिल्या दिवसापासून काकू.

आता नायिकेकडे येते, कारण भांडण तिच्यावरून आहे. त्या पाचांत एक बाई आहे. तिची शक्ती अशी की पडणारी कोणतीही वस्तू ती हवेत थांबवू शकते. पूल पडतोय, ती हात वर करते, पूल थांबतो. ही शक्ती तिच्यात जन्मापासून आहे, मुख्य नायकाला त्याची शक्ती मिळाली तेव्हा ती कॉलेजात शिकत होती आणि पडणाऱ्या गोष्टी थांबवतच होती. पण तिचं नाव काय ठेवलं? नायकाचंच नाव, त्याच्यापुढे 'लेडी'. लेडी लावलं की झाली नायिका तयार. मुलगी म्हणाली, आई, हे असंच असतं, बायांची नावं अशीच ठेवतात. असंच असतं म्हणून काय झालं? मी ठरवलं, बाकीच्यांना टोपणनावं देईन, हिला नाव देईन. आणि मी तिला माझं नाव दिलं.

माझं म्हणजे आत्ताचं नाही. माझं पहिलं. ते मी इथे लिहिणार नाही. या लेखात कोणाचंच नाव नाही, आणि ते मुद्दाम नाही, कारण लिहिलं की कोणीतरी ते बदलायला येतं असा माझा अनुभव आहे.

लग्न होऊन मी नागपूरला आले त्या दिवशी सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात एक नाव काढलं. मी वाकून वाचलं. कोणाचं आहे ते मला क्षणभर कळलंच नाही. मग बायका म्हणाल्या, छान आहे, गोड आहे, पेढे वाटा. माझ्या आईला आधी काही सांगितलं नव्हतं, मला तर नव्हतंच. कारण काय, तर माझ्या नणंदेचं नाव आणि माझं नाव एकच होतं. सासूबाईंनी ते एका वाक्यात सांगून टाकलं, "एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतीन वं? ते आधीपासून आहे घरात." झालं. जी आधीपासून होती तिचं राहिलं, जी नंतर आली तिचं तांदळाबरोबर पुसलं. त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार, मी तो जेवलेही असेन.

बरं, बदललं ते बदललं, निदान वापरा तरी! इतक्या हौसेनं ठेवलेल्या त्या नावानं मला घरात कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. सासूबाईंची मी "अवं", दिराची "वहिनी", नवऱ्याची "ऐकून राहिली का", आणि मुलगी झाल्यावर तिची आई. नवीन नाव फक्त कागदांवर गेलं. म्हणजे चालू नाव काढून घेतलं आणि बंद पडलेलं दिलं.

याच्या पुढचं ऐका. वर्षभरात नणंदेचं लग्न झालं, पारशिवनीला. तिथेही ताट आलं, तांदूळ आले, तिचंही नाव बदललं. कारण काय विचारलं तर म्हणे आमच्यात पद्धत आहे. ज्या नावासाठी माझं नाव गेलं ते नावच घरातून निघून गेलं, आणि तिकडेही पोचलं नाही. मला वाटलं आता तरी सासूबाई म्हणतील, घे बाई, मोकळं झालं, वापर. त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल.

आणि जावयाचं नाव काय होतं सांगू? माझ्या नवऱ्याचंच. अक्षर न् अक्षर तेच. एका घरात एका नावाचे दोघे, आणि तेही एकमेकांचे मेहुणे! कोणी तांदूळ आणले का? कोणी अंगठी काढली का? सगळे कौतुकानं हसले, योगायोग म्हणाले. एक "आपला" झाला, दुसरा "पाहुणे". आजपर्यंत कोणाचा घोटाळा झाला नाही, कोणाचं पत्र कोणाला गेलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, तसंच हे. फक्त इथे दोन्ही बाब्येच, कार्टी आम्ही दोघी.

आई होती तोवर माझं नाव रामटेकला शाबूत होतं. ती त्याचं शेपूट तोडून, शेवटी एक लाडाचा हेल लावून हाक मारायची. बसमधून उतरून गल्लीत शिरले की ती हाक यायची आणि मी जी कोण होते ती पुन्हा व्हायचे. आई गेली आणि तसं म्हणणारं कोणी उरलं नाही. म्हणून मी ते त्या पूल थांबवणाऱ्या बाईला दिलं. म्हटलं, पडत असलेल्या गोष्टी धरते ना, हेही धर.

आणि तिनं धरलं. वाचक तिच्या प्रेमात पडले. काही भाग झाल्यावर कोणा सोलापूरच्या मुलीनं खाली लिहिलं, आज आमची अमुक काय भारी बोलली! त्या अमुकच्या जागी तिनं माझं नाव शेपूट तोडून, लाडाचा हेल लावून लिहिलं होतं. जसंच्या तसं आईचं. तिला काय माहीत बिचारीला, मराठीत लाडात आलं की कोणीही त्या नावाचं तेच करेल. पण मी काउंटरमागे बसून रडले. मग सगळेच तसं लिहायला लागले. रोज दुपारी फोन उघडला की कुठल्या कुठल्या गावांतून हाका यायच्या.

नवऱ्यानंही एकदा वाचलं. मुलीनं त्यांच्या हातात फोन कोंबला म्हणून. जेवताना म्हणाले, "चांगलं लिहून राहिली तू. पण ताईचं नाव काहून टाकलं त्याच्यात? तिले वाईट वाटलं तर?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. ताईचं नाव! ज्या मुलीला बघायला हा माणूस रामटेकला आला होता, पत्रिकेवर स्वतःच्या नावाशेजारी जिचं नाव छापून नागपूरभर वाटलं होतं, ती कोण होती मग? मी म्हणाले, "नीट आठवून पाहा, आणखी कोणाचं होतं." ते खरंच आठवायला लागले. वरणभात कालवत, छताकडे बघत. "तुह्या ऑफिसातली कोणी आहे का?" त्यांनी विचारलं. माणूस वाईट नाही हो. माझी औषधं, माझी चप्पल, माझं गाडीचं तिकीट, सगळं त्यांच्या ध्यानात राहतं. पण त्या अंगठीनं पुसलं ते इतकं चांगलं पुसलं होतं. मी उठून ताट घासायला गेले, आणि जरा जोरातच घासलं.

तर अशातच गटानं ठरवलं की निवडक कथांचं छापील पुस्तक काढायचं, सगळ्यांनी मिळून. माझी कथा निवडली गेली. कधी नव्हे ते मला गुदगुल्या झाल्या. फोनवरचं लिखाण म्हणजे आज आहे उद्या नाही, पण छापील पुस्तक हातात घेता येतं, घरात ठेवता येतं. ते नाव कागदावर, शाईनं. लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच. आणि त्याच्यावर तो निरोप आला. रिप्लेस केलं. हसरा चेहरा, टाळ्या.

रविवारी सकाळी गट एका कॅफेत जमतो. मी मुलीला घेऊन गेले. ॲडमिननं उठून खुर्ची दिली, पोरगा संस्कारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी बसलेच नाही.

"काहून बदललं नाव?" मी विचारलं.

"अरे काकू, तुम्ही तर चिडून राहिल्या," तो म्हणाला. "काही नाही, दुसऱ्या एका कथेत त्याच नावाची एक नर्स आहे. एका पुस्तकात एका नावाच्या दोघी कशा ठेवणार? वाचणाऱ्याचा गोंधळ होतो ना. म्हणून तुमच्या हिरॉइनला ओरिजिनल नाव दिलं, लेडीवालं."

मला कॅफेतली गार हवा लागेनाशी झाली. हे वाक्य मी ऐकलं होतं. फक्त मागच्या वेळी ते नऊवारीतल्या बाईनं म्हटलं होतं, या वेळी टी-शर्टातल्या पोरानं.

"मग त्या नर्सचं बदलायचं होतं."

"ती कथा आधी आली होती ना काकू. ते नाव आधीपासून होतं."

"आणि अडकू आणि फ्यूज?" मी म्हणाले. आता हे सांगायला हवं की त्या मूळ परदेशी गोष्टीत या दोघांचं मुखवट्याबाहेरचं, घरातलं नाव एकच आहे. सगळ्या जगातल्या चाहत्यांना ठाऊक आहे. त्याच्यावर विनोद करतात, दोघांना वेगळं ओळखायला पन्नास टोपणनावं पाडतात, आणि या पोराच्या पुस्तकातल्या अर्ध्या कथांत हे दोघे आहेत. "त्यांचा गोंधळ होत नाही का कोणाचा? त्यांच्यातलं एक बदललं का तू?"

"काकू, ते कॅनन आहे," तो म्हणाला. कॅनन म्हणजे मुळात जे आहे ते, त्याला हात लावायचा नाही. "ते कसं बदलणार?"

म्हणजे पुरुषांचं कॅनन, आणि बाईचं रिप्लेस! मी तसंच म्हणाले, आणि जरा मोठ्यानं म्हणाले असेन, कारण शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. काळी मांजर आणि उल्का खाली मान घालून कॉफी ढवळत बसल्या. त्यांना बोलायचं होतं असं मला दिसत होतं.

"मला विचारलं होतं का बदलायच्या आधी?"

तो खरंच गोंधळला. "विचारायचं काय त्याच्यात, काकू? नावच तर आहे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी त्याला म्हणाले, "बरं, नावच तर आहे ना? मग आजपासून तुझं आम्ही दुसरं ठेवतो. लग्न झाल्यावर तुझे सासरचे तिसरं ठेवतील. तुझ्या डिग्रीवर एक, पगारावर दुसरं. आणि घरात तुला कोणीच कोणत्याच नावानं हाक मारणार नाही, नुसतं 'ऐकून राहिला का' म्हणतील. चालेल?"

तो हसला. "काकू, तुम्ही पण ना!"

तेव्हा माझी मुलगी बोलली. ती एरवी भांडणात पडणारी नाही, मला वाटत होतं ती माझी बाही ओढेल. "तू आईला काकू काहून म्हणतोस बे?" ती म्हणाली. "इथे सगळ्यांना त्यांनी घेतलेल्या नावानं बोलवायचं असा रूल तूच लावलाय ना? आईनं काय नाव घेतलंय ते तरी माहीत आहे का तुला?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं फोन काढून शोधायला घेतला. तो शोधत असताना मी सांगून टाकलं, "माझी कथा पुस्तकातून काढ."

"काकू, असं नका करू. छापायला जाऊन राहिलं पुस्तक. सगळ्यात जास्त लोक तुमचीच कथा वाचून राहिले. लेडीवालं नाव लोक गुगलवर शोधतात, त्यानं तुमचाच फायदा आहे."

"फायदा तुझ्याकडेच ठेव. ते नाव असेल तर कथा असेल. नाही तर माझ्या बाईला घेऊन मी घरी जाते."

आणि गेले. बाहेर उन्हात स्कूटरची सीट तापून तवा झाली होती. मुलगी हळूच म्हणाली, "पुस्तक पाहिजे होतं ना गं तुला." पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू? फार पाहिजे होतं. घरी येईपर्यंत माझा जळफळाट होत राहिला. पुढच्या महिन्यात पुस्तक निघालं. गटावर त्याचे फोटो आले. अडकू आणि फ्यूज, मी पाडलेली नावं, दुसऱ्यांच्या कथांतून मजेत हिंडत होती. ती मात्र सगळ्यांना आवडली होती, ती कोणी बदलली नाहीत, आणि ती कोणाची तेही कोणी लिहिलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नणंद शुगर तपासायला नागपूरला आली. ती दर थोड्या महिन्यांनी येते. पारशिवनीहून पहाटेची बस धरते, उपाशीपोटी माझ्या लॅबमध्ये येऊन रक्त देते आणि मग माझ्या घरी जेवायला जाते. मी लिहिते हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या मुलीशी ती मोबाइलवर फक्त स्वतःच्या मुलांच्या परीक्षांचं बोलते. आणि त्या नावाबद्दल तर आम्ही दोघी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ना माझं गेलं तेव्हा, ना तिचं गेलं तेव्हा. मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी.

त्या दिवशी हॉल भरलेला होता. ती मागच्या रांगेत, खिडकीजवळ, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नंबर आला. माझ्यासमोर पडद्यावर तिचं पारशिवनीचं नाव होतं, आधार कार्डावरचं, तेच मी इतकी वर्षं पुकारत आले. तोंड उघडलं आणि माझ्या जिभेवर ते येईना. डोक्यात तो पोरगा, तो हसरा चेहरा, नावच तर आहे. मी उभी राहिले आणि तिचं पहिलं नाव पुकारलं. पुढे मधलं नाही, आडनाव नाही. नुसतं नाव, खणखणीत.

कोणी उठलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. नाव ऐकल्यावर तिनं मान वळवली, पण दरवाजाकडे. कोणी आलंय का ते ती बघत होती. मी पुन्हा पुकारलं. आता तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हातानं खूण केली की अहो तुम्हीच, या.

ती गडबडीनं उठली, पिशवी सावरत काउंटरपाशी आली आणि पदरानं तोंड पुसत ओशाळं हसली.

"मले वाटलं, वहिनी," ती म्हणाली, "तुमालेच कोणी आवाज देऊन राहिलं."